आधी अंथरुणाची जागा पाहा

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झाला. किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने सोसलेले हे दोन सर्वांत विध्वंसक भूकंप, आणि दोन्ही वेळा माणसं अंथरुणात होती. किल्लारी परिसरात तर अनंत चतुर्दशी नुकतीच झालेली. गणपती पोहोचवून दमलेली गावं उशिरा झोपली होती. भूकंपात काय करावं याचे जे फलक आपण शाळेत किंवा तहसील कचेरीत वाचतो, त्यांतला माणूस बहुधा जागा असतो, उभा असतो आणि त्याच्या शेजारी एक भक्कम टेबल असतं. कोयनानगरच्या आणि किल्लारीच्या माणसाजवळ डोक्यावरचं छप्पर होतं आणि उशाची भिंत होती. तो वाचला की गेला, हे बऱ्याच अंशी त्या दोन गोष्टींनीच ठरवलं.

भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या कुटुंबांसाठी, आणि इथे सुट्टीत मुक्कामाला येणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तिकेची सुरुवात म्हणून अंथरुणापासून करतो. रात्री आपण कुठे झोपतो, उशाशी काय आहे, वर काय टांगलं किंवा रचलं आहे, दार किती पावलांवर आहे आणि दाराबाहेर अंगण आहे की चिंचोळा बोळ, एवढं ज्याला ठाऊक आहे त्याची निम्मी तयारी झाली. बाकीची निम्मी गवंड्याच्या आणि सुताराच्या हातात आहे. (वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे. लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे.)

हा मुलूख भूकंपाचा आहे का, असा प्रश्न पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतो आणि तो विचारायलाच हवा. भारतीय मानक ब्युरोच्या 2002 च्या नकाशात पुणे जिल्हा तिसऱ्या क्षेत्रात येतो, म्हणजे मध्यम धोक्याच्या. कोयनेचा परिसर त्याच्या वरच्या, चौथ्या क्षेत्रात. भोरपासून कोयनानगर सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. 1967 च्या त्या धक्क्याची तीव्रता 6.3 च्या आसपास होती, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर वसाहतीतली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत, आणि हादरा पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. मुंबईच्या कारखान्यांची वीज गेली ती वेगळीच. भोरमधली एखादी जुनी, पाण्याने खाल्लेली भिंत धोक्यात यायला भूकंप भोरच्याच पोटात व्हावा लागत नाही.

नकाशाबद्दल मात्र एक गोष्ट इतिहासातूनच कळते. दख्खनचं पठार हा पृथ्वीवरचा जुना, शांत, घट्ट खडक आहे आणि इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, हा समज कोयनेने मोडला. त्यानंतर नकाशा बदलला. 1993 साली किल्लारी नकाशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होती. तिथे 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि आठ ते दहा हजार माणसं गेली. 2002 च्या सुधारणेत पहिलं क्षेत्रच रद्द करण्यात आलं. म्हणजे दोन्ही वेळा भूकंप आधी आला आणि नकाशा मागाहून बदलला. नकाशा उपयोगाचा आहे. इमारतीचा आराखडा करणाऱ्याला तो किमान मर्यादा घालून देतो. पण ‘आपण तिसऱ्या क्षेत्रात आहोत, आपल्याला काय होतंय’ असं म्हणणाऱ्याने किल्लारीची गोष्ट एकदा नीट ऐकावी. भूकंपाच्या आदल्या वर्षी, 1992 मध्ये, तिथे लहान लहान धक्के बसत होते. लोक धास्तावले, मग धक्के ओसरले आणि धास्तीही ओसरली. भिंती होत्या तशाच राहिल्या.

त्या भिंतींकडे मला वाचकाला जरा थांबवून न्यायचं आहे, कारण या पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

दगड-मातीची भिंत बाहेरून एकसंध दिसते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा दोन भिंतींची असते. बाहेरच्या तोंडाला चांगले दगड लावायचे, आतल्या तोंडाला लावायचे, आणि मधल्या पोकळीत कपच्या, गोटे, माती भरायची. दोन्ही तोंडं एकमेकांना बांधलेली नसतात. जमीन आडवी हलली की मधली भर खाली बसते, तोंडं अलग होतात, भिंत पोट काढते आणि ढासळते. भिंत गेली की तिच्यावर टेकलेलं छप्पर खाली येतं. किल्लारीच्या परिसरात, म्हणजे लातूर-धाराशिवकडे, हे छप्पर माळवदाचं होतं: लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर पिढ्यान् पिढ्या वाढत गेलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारी ती माती त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आली. ढिगाऱ्यात पोकळी राहू न देता ती नाकातोंडात गेली, म्हणून कित्येक जण जखमांपेक्षा गुदमरून गेले. त्याच गावांमध्ये कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांतली माणसं तुलनेने वाचली. आणि जिथे खण पद्धतीची लाकडी चौकट, म्हणजे खांब, तुळया आणि त्यांचे सांधे मजबूत होते, तिथे भिंती कोसळूनही पुष्कळ ठिकाणी चौकट उभी राहिली. इंजिनिअरांनी नंतर ही गोष्ट आवर्जून नोंदवली.

आता आपल्याकडे या. हिरडस मावळात, वेळवंड खोऱ्यात, कानंद आणि गुंजण मावळात पावसाचा जोर असा की मातीचं माळवद इथे टिकणारच नाही. म्हणून इथली छपरं उतरती, कौलांची किंवा पत्र्याची, आणि त्यामुळे हलकी. ही आपली मोठी जमेची बाजू आहे आणि ती पावसाने दिलेली आहे. पण तोच पाऊस दुसऱ्या हाताने काढूनही घेतो. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी मुरतं, भिंतीच्या पायथ्याची माती धुऊन निघते, दगड मोकळे होतात. वाशांची टोकं भिंतीत जिथे टेकतात तिथे ओल आणि वाळवी पोहोचते. वरून कौलं शाबूत, आतून रंग दिलेला, आणि घर खरं उभं आहे ते सवयीवर. भोर शहरातल्या जुन्या वाड्यांचंही तेच. वाड्याची लाकडी चौकट हा भूकंपातला आधार खरा, पण सांधे कुजले असतील तर त्या आधाराला अर्थ नाही. राजवाड्यात चित्रीकरणं होतात म्हणून भोरचे वाडे सगळ्या महाराष्ट्राला पडद्यावर ओळखीचे झाले. त्यांत राहणाऱ्यांनी मात्र तुळईच्या टोकाला एकदा पेचकस टोचून पाहावा. तो लोण्यासारखा आत गेला तर सुताराला बोलावायची वेळ झाली आहे.

दगड-मातीची भिंत पाडूनच टाकायला हवी असं नाही. लातूरच्या पुनर्वसनात राज्य सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने जो कार्यक्रम राबवला, त्यात घरं नव्याने बांधण्याबरोबरच उभी घरं बळकट करण्याचंही काम झालं. त्यातल्या युक्त्या आपल्या गवंड्यांना समजतील अशाच आहेत. पहिली, भिंतीच्या आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत आरपार जाणारा दगड, ज्याला थ्रू स्टोन म्हणतात. भारतीय मानक सांगतं की उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त दर 1.2 मीटरवर असा एक दगड हवा. जुन्या भिंतीत भोक पाडून, सळईचा आकडा घालून, काँक्रीट भरून तो नंतरही बसवता येतो. दुसरी, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराच्या खाली सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा अखंड पट्टा. पेटीला पट्टी आवळल्यावर फळ्या सुटत नाहीत तसं हे आहे. तिसरी, वासे आणि आढं एकमेकांना आणि भिंतीला नीट जखडणं. आणि छपराखालच्या त्रिकोणी भिंतीचा दगड उतरवून तिथे हलका पत्रा किंवा फळ्या लावणं, कारण ही त्रिकोणी भिंत सर्वांत आधी कोसळते आणि बहुतेक घरांत तिच्याच खाली कुणाचं तरी अंथरूण असतं.

नव्या घरांविषयी मला स्पष्ट बोलायचं आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने पैसे पाठवले की गावाकडे पहिला विचार स्लॅबचा होतो, आणि खर्च वाचवायला तो जुन्याच दगडी भिंतींवर टाकला जातो. ही दोन्हीकडून वाईट गोष्ट आहे. खाली बांधणी नसलेली भिंत, वर कौलांच्या कित्येक पट वजन. असं घर पावसात गळत नाही आणि शेजारपाजारी कौतुक होतं, पण भूकंपात त्याच्यापेक्षा जुनं कौलारू घर परवडलं. स्लॅब हवा असेल तर कॉलम, बीम आणि पाया त्याच्या हिशोबाने घ्या. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळ जवळ आहेत ना, आणि रिंगेची टोकं आत काँक्रीटमध्ये वळवलेली आहेत ना, एवढं काँक्रीट ओतण्याआधी मालकाने स्वतः वाकून पाहावं. एकदा ओतल्यावर ते कुणालाच दिसत नाही.

आता तो प्रश्न, ज्यावर गावोगाव वाद होतो: धक्का बसला की पळायचं की थांबायचं?

जगभर शिकवलं जाणारं उत्तर असं आहे की खाली बसा, डोकं-मान झाका, भक्कम टेबलाखाली शिरा आणि त्याचा पाय धरून ठेवा. कॉलम-बीमच्या, बऱ्या बांधलेल्या इमारतीसाठी हे उत्तर बरोबर आहे. पुण्यातल्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून जिन्याकडे धावणं हा वेडेपणा आहे. जिने, काचा, सज्जे आणि माणसांची रेटारेटी यांतच माणसं जायबंदी होतात. पण वेल्ह्यातल्या दगड-मातीच्या एकमजली घरात, दारापासून चार पावलांवर झोपलेल्या माणसाला ‘टेबलाखाली जा’ म्हणणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. बहुतेक घरांत टेबलच नाही, आणि भिंत दोन फूट जाडीची आहे. तिथे नियम असा हवा: तळमजला आहे, दार जवळ आहे, बाहेर मोकळं अंगण आहे, तर पहिला हादरा जाणवताच डोकं झाकून बाहेर पडा आणि भिंतीच्या उंचीहून जास्त अंतरावर जाऊन उभे राहा. यांतली एक जरी अट पुरी होत नसेल तर बाहेरच्या भिंतीपासून दूर, भक्कम पलंगाखाली किंवा लोखंडी कॉटखाली शिरा. चौकटीत उभं राहण्याचा जुना सल्ला विसरून जा. दगडी भिंतीतली दाराची चौकट भिंतीसह पडते. वाड्याच्या माडीवर असाल तर अरुंद जिन्याकडे धावू नका.

कोयनेकडून येणाऱ्या धक्क्याबाबत भोरकरांना एक छोटी सवलत आहे. भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या निघतात. पहिली वेगवान आणि सौम्य, खिडक्यांची तावदानं वाजवणारी. दुसरी मागून येणारी, आडवं हलवणारी, भिंती पाडणारी. ऐंशी किलोमीटरवर या दोहोंत साधारण दहा सेकंदांचं अंतर पडतं. भांडी वाजली, जनावरं दावणीला ओढ घेऊ लागली, की ‘ट्रक गेला असेल’ म्हणून कूस बदलू नका. ते दहा सेकंद तुमचे आहेत. भूकंप पायाखालीच झाला तर मात्र हे अंतर मिळत नाही, आणि तेव्हा अंथरुणाची जागा तेवढी कामाला येते.

बाहेर पळण्यातही माणसं दगावतात. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा घराबाहेर पळताना पडून, दगडावर डोकं आपटून दोन वर्षांची एक मुलगी गेली. घर कोसळून नव्हे. त्या थंडीत तिथल्या लोकांनी तंबूंत रात्री काढल्या. आणि 26 जानेवारी 2001 ला कच्छच्या भूकंपात अंजार गावात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली शाळेची मुलं आणि शिक्षक अरुंद गल्लीत होते. दोन्ही बाजूंच्या इमारती त्यांच्यावर आल्या. ती सगळी घराबाहेरच होती. म्हणून भोरच्या पेठेत राहणाऱ्याने ‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठे हे आधी ठरवावं. बोळ म्हणजे बाहेर नव्हे. लहान मूल कुणी उचलायचं, आजीला हात कुणी द्यायचा, हेही जेवताना बोलून ठेवायची गोष्ट आहे. दाराच्या वाटेवर रात्री सायकल, कळशा, शेळीचं पिल्लू बांधलेलं, काही नको. बॅटरी आणि चपला उशाशी हव्यात, कारण फुटकी कौलं आणि काचा अनवाणी पायांना थांबवतात.

घरात डोळे फिरवले की धोका दिसू लागतो. उशाशी उभी भांड्यांची मांडणी, भिंतीला न जखडलेलं लोखंडी कपाट, माळ्यावर रचलेली भाताची पोती, फडताळावरचा पाटा-वरवंटा. सातवीतल्या मुलीला हे काम दिलं तर ती या वस्तूंची यादी तासाभरात करून देईल, आणि मोठ्यांपेक्षा चांगली. मांडणीला दोन खिळे, कपाटाला दोन पट्ट्या, पोती खालच्या ओटीवर. यात कुणाचं कर्ज होत नाही.

धरणांचा प्रश्न टाळता येत नाही. 1928 पासून पाणी साठवणारं भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, आणि पलीकडे पानशेत व वरसगाव; एवढ्याशा मुलखात एवढं पाणी. ‘धरणाने भूकंप होतो’ हे वाक्य इथे प्रत्येकाने ऐकलेलं आहे. कोयनेबाबत ते खरं आहे. शिवाजीसागर हा कोयनेचा जलाशय भरू लागल्यावर तिथे धक्के सुरू झाले, आणि पाण्याचा दाब खडकातल्या भेगांत उतरून आधीच ताणाखाली असलेला भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, घसरतो हे हर्ष गुप्ता आणि इतर भूवैज्ञानिकांनी अनेक दशकांच्या अभ्यासातून दाखवलं. जलाशयाची पातळी चढते-उतरते तसे तिथले धक्के वाढतात-घटतात. कऱ्हाडला त्यासाठीच प्रयोगशाळा आहे आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन खडकाचा अभ्यास झाला आहे. पण त्यासाठी भ्रंश तिथे आधीच असावा लागतो, तणलेला असावा लागतो. हजारो धरणांपैकी मोजकीच असा भूकंप घडवतात, आणि कोयनेचे धक्के तिथल्या वीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यातच होत आले आहेत. जवळजवळ शंभर वर्षं भरलेल्या भाटघरने तसं काही केलेलं नाही. दुसरी भीती धरण फुटण्याची. कोयनेच्या धरणाला 1967 मध्ये वरच्या भागात भेगा पडल्या, पण ते फुटलं नाही. नंतर त्याला मागून आधार देऊन मजबूत करण्यात आलं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं त्याचा भूकंपाशी संबंध नव्हता. तरीही जोराच्या हादऱ्यानंतर धरणाखालच्या नदीपात्रात किंवा जलाशयाच्या अगदी काठावर थांबू नये, उंचावर यावं. अफवा ऐकून गाव सोडून पळू नये, आणि काठावर थांबून गंमतही पाहू नये.

काठाचा विषय निघाला म्हणून पाहुण्यांकडे वळतो. शनिवार-रविवारी भाटघर आणि पानशेतच्या पाण्याकाठी तंबू पडतात, राजगड-तोरण्याच्या वाटा भरतात, मढे घाटात गाड्यांची रांग लागते. या मंडळींना इथल्या कुठल्या भिंतीत दम आहे हे माहीत नसतं. म्हणून घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझी विनंती आहे: पाहुण्याला चहा देताना बाहेरचं दार, मोकळी जागा आणि विजेचा मुख्य खटका दाखवा. पाहुण्यांनी ही माहिती न विचारताच मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, स्वतः विचारावं. खोलीत शिरल्यावर आधी खाट खिडकीखालून किंवा कपाटाखालून सरकवावी. तंबूची निदान एक सोय आहे, त्याचं छप्पर कुणाला मारत नाही. पण तो कुठे ठोकला आहे ते महत्त्वाचं. कड्याच्या पायथ्याला, मोकळ्या दगडगोट्यांच्या उतारावर, पात्रात नको.

राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम करणाऱ्यांनी दारापर्यंतची वाट सामानाने अडवू नये. पन्नास जणांच्या पिशव्या काळोखात पायात येतात. माचीवर किंवा बालेकिल्ल्याच्या चढणीवर असताना जमीन हलली तर धावू नका. कड्याच्या आणि तटाच्या कडेपासून आत सरका, बसा, डोकं झाका, वरून दगड येत नाहीत ना ते पाहा. धक्का थांबल्यावर लगेच अरुंद वाटेने उतरायला गर्दी करू नका. पुढचे लहान धक्के सैल झालेले दगड सोडवतात. वरंधा घाटात गाडी चालवत असाल तर दरडीखाली, पुलावर किंवा विजेच्या तारांखाली न थांबता जरा मोकळ्या जागी बाजूला घेऊन थांबा. पावसाळ्यात हे दुप्पट खरं आहे. याच पुणे जिल्ह्यात 30 जुलै 2014 ला माळीण गाव डोंगराखाली गेलं आणि 151 माणसं गेली, तेही भूकंपाशिवाय, भर पावसात. भिजलेल्या उताराला हादरा बसला तर काय होईल हे सांगायला माळीण पुरेसं आहे. 2015 मध्ये नेपाळच्या भूकंपात लांगटांग गाव घरं हलून नव्हे, तर वरून आलेल्या बर्फ-दगडांखाली गाडलं गेलं.

भोर-वेल्ह्याची माणसंही आता लांब फिरतात. चारधामला, हिमाचलला जाणारी बस इथून कितीतरी अधिक धोक्याच्या क्षेत्रात जाते; उत्तरकाशीचा 1991 चा भूकंपही रात्री, पावणेतीनच्या सुमारासच झाला होता. तिथल्या धर्मशाळेतही हेच चार प्रश्न: उशाशी काय, वर काय, दार किती पावलांवर, दाराबाहेर काय. समुद्रकाठी, विशेषतः अंदमानला, जोराचा किंवा लांबलेला हादरा जाणवला की भोंग्याची, बातमीची वाट पाहायची नाही, हादरा थांबताक्षणी उंच जागी जायचं. 26 डिसेंबर 2004 ची लाट जवळच्या किनाऱ्यांवर काही मिनिटांतच पोहोचली होती.

धक्का थांबल्यावर काय करायचं ते पुढच्या पानांत सविस्तर आहे. इथे तीनच गोष्टी, कारण त्यांत हयगय होते. गॅसचा रेग्युलेटर बंद करणं आणि चूल विझवणं. तडकलेल्या घरात दागिने, कागदपत्रं आणायला न शिरणं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग आणि पोट काढलेली भिंत पुढच्या धक्क्याला टिकत नाही. आणि ढिगाऱ्याखाली अडकलात तर ओरडण्यात श्वास न घालवता दगडाने ठोके देत राहणं, तोंडावर कापड धरणं. फोनची लाइन तुंबलेली असेल तेव्हा बोलण्यापेक्षा संदेश लवकर पोहोचतो. ‘आज रात्री दोन वाजता मोठा धक्का’ असं सांगणारा संदेश कुणाचाही असो, पुढे पाठवू नका. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगण्याची विद्या जगात कुणाकडे नाही.

हे सगळं करायचं कधी? आपल्याकडे त्याची वेळ ठरलेली आहे. पावसाआधी शाकारणी होते, कौलं चाळली जातात, फुटकी बदलतात, माणूस छपरावर चढलेला असतो आणि सुतार-गवंडी गावात असतो. त्याच दिवशी वाशांची टोकं तपासा, आढं जखडा, त्रिकोणी भिंत हलकी करा, जोत्याशी पाणी साठू नये म्हणून चर काढा. पैसे पुरत असतील तर ज्या खोलीत सगळे झोपतात त्या एका खोलीला तरी आरपार दगड आणि पट्टा करून घ्या. पूर्ण घर पुढच्या वर्षी. ग्रामपंचायतींनी शाळा, अंगणवाडी आणि दवाखान्याच्या खोल्या आधी तपासून घ्याव्यात, कारण तिथे आपण मुलं आणि आजारी माणसं विश्वासाने ठेवतो. शाळांनी वर्षातून दोनदा सराव घ्यावा, आणि त्यातला एक मुलांनी घरी, रात्रीच्या अंधारात आईवडिलांकडून करून घ्यावा.

112 हा आणीबाणीचा क्रमांक, 108 रुग्णवाहिकेचा आणि 1077 जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा. हे तीन आकडे दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा, आणि आज रात्री झोपण्यापूर्वी त्रिकोणी भिंतीखालचं अंथरूण हलवा.